दोनदा वाजवलेली चूक

खोली पाहायला आला तेव्हा त्याने नळाला पाणी केव्हा येतं हे विचारलं नाही. खोलीच्या मधोमध उभा राहून त्याने एक टाळी वाजवली. मग एकेका कोपऱ्यात जाऊन टाळी वाजवली, भिंतीला पाठ लावून वाजवली, दार लोटून घेऊन वाजवली. मी वाशीमला मोजणी खात्यात नोकरी करतो. शेताची मोजणी, गावठाणाची मोजणी, भावाभावांच्या वाटणीची मोजणी, यातच माझं आयुष्य गेलं. टाळीने जागा मोजणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

"साहेब, समोर काय हाय?" त्याने खिडकीतून बोट दाखवलं.

"पिठाची चक्की. गुलाबरावांची. आधीच सांगतो, सकाळी सुरू होते ती दिवे लागेपर्यंत. मागच्या भाडेकरूने तिच्यापायीच खोली सोडली."

"मंग जमलं. घेतली खोली."

मला व्यवहारात लपवाछपवी आवडत नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं की आवाज फार होतो. तो म्हणाला, "साहेब, आवाज फार होते म्हणूनच मले पुन्यात होस्टेलमधून काढलं होतं. मले कोन्या आवाजाची तक्रार सांगता तुमी?"

अशा रीतीने तो आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आला. तोंडावर मी त्याला भाऊ म्हणायचो आणि अहोजाहो करायचो. सामानात गिटार घेऊन आला म्हणून गल्लीत तो गिटारवाले भाऊ होता. लिहिताना मात्र 'तो' असंच येतं, आणि त्याला ते चाललं असतं. पन्नाशीला टेकलेला हा माणूस, केस मानेवर, अंगात नेहमी काळा बनियनछाप शर्ट आणि त्यावर कवटीचं चित्र. ते शर्ट गच्चीवर वाळायला लागले तेव्हा माझ्या पत्नीने हरकत घेतली. देवाच्या वस्त्रांशेजारी कवट्या नकोत, असं तिचं म्हणणं. त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळे शर्ट उलटे करून वाळत घातले. म्हणाला, "वहिनी, आता कवट्या आतून पाहून राह्यल्या. बाहेरच्याले त्रास नाही."

त्याचं मूळ गाव कारंजा तालुक्यातलं धनज. घरची शेती. इंजिनियर व्हायला पुण्याला गेला आणि तिथे रॉक संगीताच्या नादी लागला. चौघांचा बँड होता, मराठीत गायचे, कॉलेजांच्या मैदानांवर वाजवायचे. मी त्यांचं गाणं तेव्हा ऐकलेलं नव्हतं. नंतर त्याने मोबाइलवर ऐकवलं. माझं प्रामाणिक मत असं की शब्द कळत नाहीत, पण ते चौघे कोणालाच भीत नव्हते एवढं मात्र नक्की कळतं.

बँडच्या काळातली एक गोष्ट तो वारंवार सांगायचा, आणि दरवेळी तशीच सांगायचा, त्यामुळे ती खरी असावी. एका स्पर्धेत ऐन गाण्यात त्याचं बोट घसरलं आणि भलताच सूर वाजला. समोर हजारो पोरं. (आकडा त्याचा आहे, मी मोजलेला नाही.) ढोलवाल्याने चमकून त्याच्याकडे पाहिलं. याने काय करावं? पुढच्या ओळीला तोच चुकीचा सूर मुद्दाम पुन्हा वाजवला, आणि आधीपेक्षा जोरात. वर ढोलवाल्याकडे असं पाहिलं, की तूच विसरलास की काय. तिसऱ्या ओळीला चौघांनीही तो सूर धरला. ते गाणंच पुढे त्यांचं नाव झालं.

यावरून त्याने एक नियम काढला होता. "साहेब, एकदा वाजली तर चूक. दोनदा वाजली तर चाल." हा नियम तो कशालाही लावायचा. एकदा पत्नीच्या हातून वरणात मीठ जास्त पडलं, तर म्हणाला, "वहिनी, उद्याही इतकंच टाका. लोक म्हनतीन या घरचं वरण असंच असते."

बँड मोडला तो भांडणाने नाही. एकाने अमेरिका धरली, एकाने बँक धरली, ढोलवाला वारला. हा मुंबईला गेला आणि टीव्हीच्या मालिकांना पार्श्वसंगीत द्यायला लागला. म्हणजे नाव दुसऱ्याचं, काम याचं. ही गोष्ट आमच्या घरात उघड झाली ती मजेशीर रीतीने. संध्याकाळी पत्नी मालिका पाहत होती. सासू दाराआड उभी राहून सुनेचं बोलणं ऐकते आणि तेव्हा तीनदा ढँऽ ढँऽ ढँऽ वाजतं, तसा प्रसंग चालला होता. हा चहाचा कप परत द्यायला खाली आला, क्षणभर थांबला आणि पडद्यावर सासू वळायच्या आधीच तोंडाने तीनदा ढँऽ करून मोकळा झाला.

"भाऊ, तुमाले आधीच कसं समजलं?" पत्नीने विचारलं.

"मीच वाजवलं थे, वहिनी."

"सारेच ढँऽ तुमचेच काय?"

"या सासूचे सारे माहेच."

त्या दिवसापासून आमच्या घरी त्याचा मान वाढला. कवट्या सुलट्या वाळायला परवानगी मिळाली. त्याने मात्र शर्ट उलटेच वाळत घातले.

त्याचा उजवा कान जवळजवळ गेला होता. "उजवा बँडले देला, डावा पोटासाठी ठेवला," म्हणायचा. कोणीही बोलायला आलं की खुर्ची ओढून त्याला डाव्या बाजूला बसवायचा. पण त्या एका कानाला जे ऐकू यायचं ते आमच्या घरातल्या सगळ्या कानांना मिळून येत नव्हतं. एकदा जिन्यातूनच ओरडला, "वहिनी, कुकरची शिटी खाली उतरली. रबर पाहा." पत्नी चिडली, की याला आमच्या स्वयंपाकघरातही सूर लावायचा आहे. त्याच आठवड्यात कुकरच्या कडेने वाफ सुटली आणि डाळ शिजेना. रबर खरंच गेलं होतं.

चक्कीशी त्याचं काय नातं होतं हे मला बरेच दिवस कळलं नाही. दिवसभर चक्की चालू असताना तो तिच्याकडे लक्षही देत नसे. पण लाईन गेली, म्हणजे आमच्याकडे वीज गेली की असं म्हणतात, की हा हातातलं काम टाकून खिडकीकडे धावायचा. लाईन गेली तरी चक्कीचा पट्टा लगेच थांबत नाही. दगड आपल्या जोरावर फिरत राहतो. आवाज हळूहळू खाली येतो, आणखी खाली, जड होतो, घरघरतो, शेवटी दोनचार दाणे दगडाखाली कडकड फुटतात आणि संपतं. तेवढं ऐकायला तो धावायचा. बॅटरीवर चालणारं एक छोटं यंत्र खिडकीत ठेवून ते टिपूनही घ्यायचा. मी विचारलं तर म्हणाला, "साहेब, इतकं सरळ खाली कोनीच गाऊ शकत नाही. मानूस मधात कुठं तरी अटकतेच." मी मनात म्हटलं, चला, निरुपद्रवी वेड आहे.

काम करायची त्याची पद्धत अशी. सिनेमाचा प्रसंग आधी आवाज बंद करून पाहायचा, प्रत्येक वेळी दृश्य बदललं की टेबलावर बोट वाजवायचं. मग संगीत करायचं. ते झालं की गल्लीतलं कोणी तरी पकडून आणून दाखवायचं. मला बोलवायचा, पत्नीला बोलवायचा, गुलाबरावांना तर पिठाने माखलेल्या अंगाने बसवायचा. आम्ही पडद्याकडे पाहायचो आणि तो खाली वाकून आमच्या पायांकडे. आवडलं का, हे विचारायचा नाही. मी एकदा आपणहून छान म्हटलं तर हसला. "तोंडाले खोटं बोलाची सवय असते, साहेब. पायाले नसते. तुमचे पाय दाराकडे वळले होते." माझे पाय खरंच दाराकडे वळले होते. त्याने ते संगीत पुसून टाकलं.

मालिकांना कंटाळून, आणि वडिलांच्या आजारपणामुळे, तो धनजला परतला होता. वडील गेल्यावर इंटरनेट बरं मिळतं म्हणून वाशीमला खोली केली. इथेच त्याला पहिला सिनेमा मिळाला, ज्यावर संगीतकार म्हणून त्याचं एकट्याचं नाव येणार होतं. या वयात पहिला. ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईची गोष्ट होती. नवरा उसाच्या फडात ट्रॉलीखाली दबून मरतो आणि ती एकटी आपल्या बंजारा तांड्यावर परत येते. दिग्दर्शक पुण्याचा, वयाने तरुण. या बँडची गाणी ऐकत मोठा झालेला, म्हणून हट्टाने त्याने याला शोधून काढलं होतं.

"हा नीट झाला तर मी संगीतकार," तो मला म्हणाला होता. "नाही झाला तर सासवाच हायेत दाराआड."

मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर शाळेचे गुरुजी माझ्या ओळखीचे होते. ऊसतोडीची माणसं परतायचे दिवस होते. सुटीच्या दिवशी मोटरसायकलवर मागे बसवून त्याला तिकडे घेऊन गेलो. तांड्यात शिरतो तोच एका घरासमोर बायकांचा आक्रोश ऐकू आला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्याने रडत होत्या, भोवती आणखी बायका. मी गाडी बंद केली, हेल्मेट काढलं, चपला काढल्या. अशा वेळी करायचं ते मला ठाऊक आहे. हात जोडून पुढे गेलो आणि म्हणालो, "फार वाईट झालं."

एका म्हातारीने माझ्याकडे वळून पाहिलं. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. "काय वाईट झालं?"

"कोण गेलं?"

"गेलं कोनी नाई. आली. इची बहीन आली ना कारखान्याहून."

रडणाऱ्या दोघी थांबल्या. मी अजून हात जोडूनच उभा होतो. मग त्यांनी डोळे पुसले आणि सगळ्याजणी हसायला लागल्या. एकीने विचारलं, "साहेब, तुमच्या घरी बहीन आली त काय चूप राह्यता?"

"चहा ठेवतो आम्ही," मी म्हणालो. त्यावर जास्तच हसल्या.

गुरुजींनी समजावून सांगितलं. तांड्यातल्या बायका खूप दिवसांनी भेटल्या की गळ्यात गळा घालून सुरात रडतात. रडता रडता मधल्या काळाच्या बातम्या सांगतात. कोणाला मूल झालं, कोणाची म्हैस मेली, मुकादम कसा वागला. सगळं सांगून झालं की डोळे पुसून कामाला लागतात. मरणाचं रडणं वेगळं असतं.

मी चपला घालत होतो, आणि हा माणूस मातीत मांडी घालून बसला होता, डावा कान त्या दोघींकडे करून. संपल्यावर याडीजवळ गेला. "याडी, हे मले पाहिजे."

"कायले पाहिजे आमचं रडनं?"

"सिनेमात लावतो."

याडीने त्याच्या शर्टावरच्या कवटीकडे बराच वेळ पाहिलं. "लाव. पन कोनाच्या मरनावर लावजो नको. भेटीचं हाय, भेटीतच लाव. नाई त आमच्या पोरी आल्या की लोकाइले वाटन मयत झाली. या साहेबावानी."

"भेटीतच लावीन. जबान देली."

पुन्हा दोनदा तांड्यावर जाऊन त्याने त्या बहिणींचं रडणं टिपून आणलं. सिनेमाच्या शेवटी ती बाई तांड्यावर परतते आणि तिची बहीण धावत येते, तिथे ते ठेवलं. बाकी संगीत बेताचंच, अगदी थोडी वाद्यं. मला दाखवलं तेव्हा पायांचं मला सांगता येत नाही, पण मी चष्मा काढून पुसला. त्याने ती फीत पुण्याला पाठवून दिली.

आठवड्याने दिग्दर्शकाचा फोन आला. हा फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावायचा, त्यामुळे सगळी गल्ली ऐकायची. मी त्याच्या दारासमोरच्या गच्चीवर टाकी पाहत होतो.

"सर, कमाल आहे ते रडणं. फक्त आम्ही त्याची जागा बदलली. नवऱ्याच्या मरणावर ठेवलंय. ती शेतातून प्रेताकडे धावते ना, तिथे. अंगावर काटा येतो."

"थे भेटीचं रडनं हाय."

"हो, पण प्रेक्षकांना काय माहीत?"

"ज्याइचं हाय त्याइले माहीत हाय."

"सर, अशी किती माणसं सिनेमा पाहणार? आणि तुम्हीच तर म्हणायचात. एकदा वाजली तर चूक, दोनदा वाजली तर चाल. सगळा महाराष्ट्र ती चाल म्हणेल."

त्याचा स्वतःचाच नियम त्याच्याकडे परत आला होता, तोही त्याचं कौतुक करणाऱ्या मुलाच्या तोंडून. त्याने फोन डाव्या कानावरून काढला, उजव्या कानाला लावला, जिथे ऐकू येत नव्हतं तिथे. मग परत डाव्या कानाला लावला.

"चूक माही असली त दोनदा वाजवीन, दहादा वाजवीन," तो म्हणाला. "हे त्या बायांच्या नावावर जाईन. त्याइच्या नावावर चूक कराचा मले हक नाही. रडनं जिथं होतं तिथं ठेव. मरनाले मी दुसरं देतो. नाही पटलं त माहं सारं संगीत काढून टाक आन नावबी काढ."

मग दिग्दर्शक म्हणाला, "सोमवारी सगळं पक्कं करायचंय, सर. सोमवारपर्यंत द्या."

"भाऊ," मी न राहवून म्हणालो, "या वयात पहिला सिनेमा. एवढं ताणू नका."

"साहेब, तुमी मोजणीत एखाद्याच्या वावराची शीव दुसऱ्याच्या वावरात टाकता काय? लोकाले काय माहीत पडते म्हनून?"

"नाही टाकत."

"मंग."

पुढचे दिवस आमच्या छताने काय काय ऐकलं ते सांगतो. संगणकातली सारंगी ऐकली. बासरी ऐकली. डफडं ऐकलं. दरवेळी आम्हाला वर बोलावणं. आम्ही बसायचो, पडद्यावर ती बाई उभ्या उसातून धावायची, हा आमचे पाय पाहायचा आणि पुसून टाकायचा. गुलाबराव म्हणाले, "भाऊ, मले त सारंच चांगलं वाटून राह्यलं."

"तुमचे पाय झोपले, गुलाबराव."

पत्नी खाली येऊन मला म्हणाली, "यापेक्षा थे रडनंच बरं होतं." मी तिला हळू बोल म्हटलं, पण त्याचा डावा कान जिन्याकडे असावा. दुसऱ्या दिवशी त्याने खिळ्यावर टांगलेली गिटार काढली. माझ्या माहितीत ती तो कधी वाजवत नव्हता. भरदुपारी त्याने ती विजेला जोडली आणि जे वाजवायला लागला त्याने आमच्या कपाटातल्या कपबश्या हलल्या. राग होता तो सगळा. समोर गुलाबरावांची चक्की, वर ही गिटार. मी जिना चढून सांगायला निघालो होतो की शेजारी लहान मूल आहे.

आणि लाईन गेली.

गिटारचा आवाज मधेच तुटला. चक्कीचा तुटला नाही. ती आपली खाली यायला लागली. मी जिन्यात होतो तिथून मला तो दिसत होता. या वेळी तो खिडकीकडे धावला नाही. गिटार मांडीवर घेऊन बसून राहिला, चक्की पूर्ण थांबेपर्यंत, दाणे फुटेपर्यंत. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, मी कायले लोकाइचं मांगत होतो? हे त घरचंच हाय."

मरणाच्या प्रसंगाला त्याने चक्की ठेवली. ट्रॉली उलटते, बाई धावत सुटते, आणि तो आवाज खाली, खाली येत जातो. ती प्रेतापर्यंत पोहोचायच्या आधीच दाणे फुटून तो संपतो. ती अजून धावतेच आहे, आणि ऐकू काही येत नाही. त्याने दाखवलं तेव्हा मी स्वतःच माझ्या पायांकडे पाहिलं. अंगठे आत वळले होते.

सोमवारी फोन आला.

"सर, काय आहे हे? कोणतं वाद्य?"

"चक्की."

"आदिवासी वाद्य आहे का?"

"वऱ्हाडी हाय. गुलाबराव वाजवते."

दिग्दर्शक भला माणूस होता. रडणं त्याने परत शेवटी नेलं, आणि सिनेमाच्या नामावलीत वादकांच्या यादीत 'चक्की' असं लिहून पुढे गुलाबरावांचं पूर्ण नाव घातलं. ही बातमी कळल्यावर गुलाबराव गिऱ्हाईकांशी थोडे कमी बोलायला लागले. बारीक दळा असं कोणी म्हटलं तर म्हणायचे, "मले सांगू नका कसं वाजवाचं थे."

वाशीमला सिनेमा लागला तेव्हा पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही सगळे गेलो. मी, पत्नी, गुलाबराव सहकुटुंब. तांड्यावरून याडी, त्या दोघी बहिणी आणि आणखी बायका जीपगाडी करून आल्या. हा खुर्चीत बसला नाही. पडद्याखाली, कडेच्या पायरीवर, पडद्याकडे पाठ करून बसला. मला कळलं की एवढ्या पायांची संधी त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती.

ट्रॉली उलटली. बाई धावली. चक्की खाली यायला लागली.

मागून कोणी तरी म्हणालं, "लाईन गेली बे."

सगळ्या माना मागे वळल्या, वरच्या त्या प्रकाशाच्या भोकाकडे. दोनचार जणांनी मोबाइलचे दिवे लावले. कोणी तरी शिट्टी मारली. माणसं अर्धवट उठली. चित्र समोर चालू आहे हे कोणाच्या लक्षातच येईना, कारण वाशीममध्ये तो आवाज ऐकू आला की काय समजायचं हे सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. मीसुद्धा, सगळं ठाऊक असून, छताच्या पंख्याकडे पाहिलं.

तेव्हा गुलाबराव आपल्या जागेवर उभे राहिले. "लाईन नाई गेली. माही चक्की हाय थे. बसा खाली."

सगळं थिएटर हसलं. पडद्यावर ती बाई नवऱ्याच्या प्रेतापाशी पोहोचली होती.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पायच पाहत होता. चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

लोक हळूहळू पुन्हा गोष्टीत शिरले. शेवट आला. बाई तांड्यावर परतली, बहीण धावत आली, आणि ते रडणं सुरू झालं. आमच्या पुढच्या रांगेत त्या दोघी बहिणी आधी एकमेकींना कोपर मारून हसल्या, स्वतःचाच आवाज ओळखून. मग एकीने दुसरीच्या गळ्यात हात टाकला. पडद्यावरच्या सुरातच त्या दोघी रडायला लागल्या, मोठ्याने, थिएटरमध्ये. या वेळी कोणी हसलं नाही. कोणी मागे वळूनही पाहिलं नाही. दिवे लागले तरी बसलेले लोक बसूनच होते.

बाहेर चहाच्या टपरीवर याडी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "जागेवर लावलं तू."

"जबान देली होती, याडी."

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जीपकडे गेली. मी म्हणालो, "भाऊ, सिनेमा चांगला झाला. मधे जरा..."

"मधात आपटलो," तो म्हणाला. "पोरगा त्याइचं रडनं मरनावर ठेवत होता, मी त्याले शिकवलं. आन मंग आपल्या गावाची चक्की नेऊन मरनावर ठेवली. गाव हासलं. बरोबर हासलं."

"पुण्यामुंबईकडे कोणी हसणार नाही."

"पुन्यात चक्की कोनाची हाय? ज्याइची हाय थे हासले." त्याने चहा संपवला. मला वाटलं, आता हा खचणार. पण कप ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर मला तोच भाव दिसला, जो त्या स्पर्धेच्या गोष्टीत ढोलवाल्याकडे पाहताना तो करून दाखवायचा. "साहेब, हे चूक बायांची नाही, पोराची नाही. हे माही हाय. पक्की माही. मंग हे दोनदा वाजवता येते."

तो सिनेमा बराच चालला. त्याला पुढचा मिळाला, मग त्याच्या पुढचाही. आता तो धनजला शेतातच जाड भिंतींची खोली बांधून राहतो. आमच्या वरच्या खोलीत सध्या एक बँकेचे साहेब राहतात, ज्यांना चक्कीचा त्रास होतो. जाताना त्याने गिटारचा खिळा भिंतीत तसाच ठेवला आणि कवटीचा एक शर्ट पत्नीला पुसण्यासाठी म्हणून दिला. तिने तो पुसायला वापरलेला नाही.

दुसऱ्या सिनेमात एक म्हातारा शेवटची बस चुकवतो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहतो. वाशीमच्या त्याच थिएटरात आम्ही तो पाहिला. बस निघून गेली, धूळ बसली, आणि चक्की खाली यायला लागली. मी मान न वळवता आधी उजवीकडे, मग डावीकडे, रांगेतल्या सगळ्यांचे पाय पाहून घेतले. एकही पाय हलला नव्हता. मागे वळून कोणी पाहिलं नाही, मोबाइलचा दिवा कोणी लावला नाही, लाईन गेली असं कोणी म्हटलं नाही.

गुलाबराव मात्र उठून उभे राहिले. कोणी विचारेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली, आणि कोणीच विचारलं नाही तेव्हा बसले.